खिसा कुठल्या बाजूला?

मास्तर फारसे बोलत नाहीत. मुके नाहीत, पण जिथे हुंकाराने भागतं तिथे ते शब्द खर्च करत नाहीत. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आल्यागेल्याला सांगतात, "लग्न ठरलं तेव्हा हे 'चालेल' म्हणाले. पुढचं वाक्य काय येतंय याची मी अजून वाट बघतेय." अशा माणसावर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभं राहून बारा धडे शिकवायची वेळ आली, आणि त्यांना बोलतं करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. वीस वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई मी. मला वाटलं, हा तर आपला हातचा मळ! त्या हातच्या मळामुळे मास्तरांचा क्लास बंद पडायची वेळ आली होती. तो कसा वाचला, ते मला आज सांगायचं आहे. अजून माझी स्मरणशक्ती शाबूत आहे आणि मास्तरांचे माझ्यावर इतके उपकार आहेत, की कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही.

मास्तर आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर शिवणकामाचा क्लास चालवतात. लांबट खोली, आठ मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला लावलेलं एक भलंमोठं कटिंगचं टेबल. एका बाजूला खिडकी, तिच्याखाली फर्निचरवाल्याचं अंगण. दुसऱ्या बाजूला दार. मास्तर भिंतीकडे तोंड करून टेबलाशी उभे राहायचे आणि विद्यार्थी त्यांच्या खांद्यामागे दाटीवाटीने. नव्या माणसाने पहिले पंधरा दिवस कात्रीला हात लावायचा नाही, फक्त खांद्यावरून डोकावून बघायचं. मास्तर खडूने रेघ मारणार, "हं" म्हणणार, कापणार. कुणाचं चुकलं तर पुन्हा "हं", पण जरा लांब. त्या दोन हुंकारांतला फरक ज्याला कळला तो शिंपी झाला, असं तिथली जुनी मुलं म्हणत.

त्यांची सुरुवात एका गणवेशाच्या कारखान्यात झाली. तिथे सहा वर्षं त्यांनी फक्त काजं केली. मग ते आमच्या नाटक कंपनीत आले. मी तेव्हा राण्या करायची, आणि राण्यांचे झगे म्हणजे काय सांगू, वजनाने माझ्याहून जड! एकदा तिसऱ्या अंकाच्या तोंडावर माझा झगा पाठीवर उभा फाटला. घंटा झालेली, पडदा वर चाललेला, मी विंगेत रडकुंडीला आलेली. मास्तर आले, सुईत दोरा आधीच ओवलेला. मी चालतेय आणि ते मागून शिवत चाललेत! प्रवेशाच्या जागेपाशी त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "जा." त्या रात्री टाळ्या मला मिळाल्या. माझ्या पाठीवर कुणाची शिवण होती, ते थिएटरात एकालाही कळलं नाही.

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही नट मंडळी कितीतरी महिने "आता काय, आता काय" करत चहा पीत बसलो. मास्तरांनी पंधरा दिवसांत ही खोली घेतली, दोन जुनी मशीन आणली आणि दारावर पाटी लावली. मला घर नव्हतं. एक दिवस ते म्हणाले, "ताई, समोरची खोली रिकामी आहे. मालकाशी बोललोय." एकतीस वर्षं झाली, मी त्याच समोरच्या खोलीत राहते. सकाळी त्यांची मशीन सुरू झाली की मला जाग येते, आणि ती सुरू व्हायला उशीर झाला की काळजी वाटते.

या एकतीस वर्षांत त्या खोलीतून किती जण शिकून गेले याचा हिशोब नाही. कुणी दुकान टाकलं, कुणी इस्पितळात चादरी-पडद्यांच्या विभागात लागलं, एकजण बसच्या सीटची कव्हरं शिवतो आणि भेटला की अभिमानाने म्हणतो, "आजी, अर्धं गाव माझ्या शिवणीवर बसतं!"

मग प्रशिक्षण मंडळाचं पत्र आलं. प्रमाणपत्र देणाऱ्या प्रत्येक क्लासात एका सत्राला निदान वीस विद्यार्थी हवेत, नाहीतर मान्यता रद्द. मास्तरांकडे होते नऊ. प्रमाणपत्र मिळणार नसेल तर ते नऊ तरी कशाला येतील? वहिनींनी पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरचा मोबाईलवाला जिना चढून आला. त्याला दुकान वाढवायचं होतं, जागा हवी होती.

"वहिनी, घाई नाही," तो म्हणाला. "तुमचं काय ते ठरलं की सांगा. मला ही खोली पसंत आहे."

"सत्र संपेपर्यंत थांबा," वहिनी म्हणाल्या. मास्तर काजं तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हातातलं काज त्यांनी दोनदा तपासलं. मी एवढी वर्षं बघतेय, मास्तर एक काज कधी दोनदा बघत नाहीत.

आठवड्याभरात पार्लरवाल्या मॅडम आणि नळकामवाले सर आले. दोघांचेही असेच छोटे क्लास. मॅडमकडे अकरा मुली, सरांकडे सात मुलं. मॅडमच्या हातात लॅपटॉप आणि तोंडात एक नवा बेत. असे सहा क्लास एकत्र येऊन एकच ऑनलाइन प्लॅटफॉर्म घेणार होते. त्याचा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता, सहा जणांत झेपत होता. हजेरी एकाच ठिकाणी, परीक्षेची नोंद एकाच ठिकाणी, धडे मात्र ज्याचे त्याचे. बाहेरगावचे विद्यार्थी घरी बसून धडे बघतील, हाताने काम करतील, फोटो पाठवतील आणि शेवटच्या परीक्षेला प्रत्यक्ष येतील. मंडळाला हे मान्य होतं, फक्त आधी एक चाचणी सत्र घ्यायचं होतं.

"म्हणजे तुमचे नऊ आणि बाहेरचे तेरा," मॅडमनी हिशोब मांडला. "झाले बावीस! मास्तर, तुम्ही फक्त बारा धडे रेकॉर्ड करायचे. शर्ट, पहिल्या रेघेपासून शेवटच्या बटणापर्यंत."

"मला बोलता येत नाही," मास्तर म्हणाले.

"मला तरी कुठे येतं?" नळकामवाले सर म्हणाले. "मी पहिल्या धड्यात 'नमस्कार' म्हटलं आणि नळाकडे बघूनच म्हटलं. पोरांना वाटलं मी नळाला नमस्कार केला."

तेव्हा मी उठले. मला अजून आठवतं, मी पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हटलं, "बोलायचं माझ्यावर सोडा."

फर्निचरवाल्याची करवत नऊला सुरू होते, म्हणून आम्ही आठ ते नऊ रेकॉर्डिंग ठेवलं. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. पहिल्या दिवशी मी खोलीचं नेपथ्य बदललं. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहतात हे मला पटेना. प्रेक्षकांकडे पाठ? आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात, की पाठ फक्त मेलेल्याने करावी, आणि त्यानेही जमलं तर पडताना वळावं. मी चार मुलींना हाताशी घेऊन ते टेबल भिंतीपासून ओढलं आणि पार उलटं फिरवलं. आता मास्तर टेबलाच्या पलीकडे, कॅमेरा अलीकडे. समोरासमोर, चेहरा उजेडात.

"मास्तर, आवाज पोटातून काढा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेला पाहिजे."

"शेवटच्या रांगेत कोण आहे?"

"कुणी नाही, पण आहे असं समजा!"

"हं."

"आणि तो चष्मा काढा. उजेडात चमकतो."

"चष्म्याशिवाय रेघ दिसत नाही, ताई."

"मग मान जरा खाली ठेवा."

असं करत करत बारा धडे झाले. मी प्रत्येक वाक्य त्यांच्याकडून चाळीस-चाळीस वेळा म्हणवून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे सूर चढवायचा, कुठे कापड हातात उंच धरायचं, सगळं बसवलं. चौथ्या धड्यात शर्टाच्या पुढच्या दोन भागांचं काम होतं. "काजपट्टी आणि खिसा खिडकीकडे. बटणपट्टी दाराकडे." हे वाक्य तर मास्तरांनी असं ठसक्यात म्हटलं, की माझ्या अंगावर काटा आला. शेवटचा धडा झाला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी चष्मा पुसला. मी मनात म्हटलं, बाई, तुझ्या हातून मोठं काम झालं.

तीन आठवड्यांनी विद्यार्थ्यांनी शर्टांचे फोटो प्लॅटफॉर्मवर टाकले. मंडळाने ते आमच्या आधीच पाहिले होते. पार्लरवाल्या मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं की नाटक पडलं.

एकवीस शर्ट आले होते. शिवण सगळ्यांची चांगली होती. बाह्या नीट बसवलेल्या, कॉलर ताठ. पण दहा शर्टांना खिसा डाव्या छातीवर, जिथे हवा तिथे, आणि अकरा शर्टांना उजव्या छातीवर. काजं-बटणंसुद्धा तशीच उलटी. बाविसावी बाई कुठल्याशा लॉन्ड्रीत काम करणारी होती. तिने शर्ट पाठवलाच नव्हता.

"नेटवर्कचा घोळ असेल," नळकामवाले सर म्हणाले. "चित्र उलटं दिसलं असेल. माझ्याकडे असं झालं असतं, तर गरम पाणी भलतीकडेच आलं असतं."

"मग सगळ्यांचंच उलटं हवं ना, सर! दहांचं बरोबर कसं?"

"लक्ष नाही हो पोरांचं."

मी म्हटलं, "कदाचित माझे उच्चार कमी पडले. 'खिडकी'तला 'ख' आणखी स्पष्ट हवा होता."

मास्तर एकेक फोटो पुढे सरकवत होते, परत मागे आणत होते. शेवटी म्हणाले, "एवढं कापड वाया गेलं." त्यांना त्या क्षणी मान्यतेचं काही वाटत नव्हतं. अकरा माणसांनी घरचं चांगलं कापड आपल्या शब्दावर कापलं, हे त्यांना लागलं होतं.

मंडळाचं म्हणणं होतं, की शिवणकामाची चाचणी तीन आठवड्यांत पुन्हा द्या, नाहीतर हा विषय प्लॅटफॉर्मच्या यादीतून काढू. मास्तरांनी लॅपटॉप मिटला.

"माझं नाव काढून टाका, मॅडम. माझ्यामुळे तुम्हा पाच जणांना बोल नको."

"असं कसं काढू?" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "सहा जणांचं म्हणून घेतलंय ना आपण? पहिल्या महिन्यात माझा धडा उघडत नव्हता, तेव्हा सरांनी त्यांची पोरगी पाठवली होती नीट करायला. मी काढून टाकलं का माझं नाव?"

"कापडाचं तसं नसतं," मास्तर म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

वहिनी दारात होत्या. त्या रात्रीचा स्वयंपाक सोडून आल्या होत्या, हातात ओला फडका तसाच. त्यांनी मला खुणेने बाहेर बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मी त्या मोबाईलवाल्याला काय सांगू?" वीस हजार लोकांसमोर मी कधी शब्द विसरले नाही, तिथे जिन्यात माझी वाचा बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला क्लासचा फोन वाजला. मास्तरांच्या दोन्ही हातांत काम होतं म्हणून एका मुलीने स्पीकर लावला.

"मास्तर बोलतायत का? मी लॉन्ड्रीवाली. शर्ट न पाठवणारी ती मीच. रागावू नका हं."

"हं."

"मी कापड अजून कापलंच नाही. चांगलं कापड आहे हो, नवऱ्याला वाढदिवसाला द्यायचंय. धीर होत नाही. तो चौथा धडा मी सात वेळा बघितला."

"काय अडलं?"

"तुम्ही म्हणता, खिसा खिडकीकडे, बटणपट्टी दाराकडे. पण मास्तर, आमच्या खोलीला खिडकीच नाही! लॉन्ड्रीच्या मागे तळघरात राहतो आम्ही. दार आहे एक, तेही पाठीमागे येतं. मग मी खिसा कुठे लावू?"

मशीनवरच्या मुली फिदीफिदी हसायला लागल्या. एक म्हणाली, "बाई, खिसा लावूच नका, पैसे वाचतील!" फोनवरची बाईसुद्धा हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि सावकाश मान वळवून खिडकीकडे बघितलं. मग दाराकडे. मग टेबलाकडे.

"ताई," ते मला म्हणाले, "टेबल फिरवलंत तुम्ही."

आरोप नव्हता तो. माप सांगतात तसं सांगितलं. आणि मला एकदम सगळं समजलं. एकतीस वर्षं त्या टेबलाशी उभं राहून खिडकी त्यांच्या उजव्या हाताला होती आणि दार डाव्या. खिडकीची बाजू, दाराची बाजू, ही त्या खोलीची भाषा झाली होती. खांद्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तीच खिडकी, तेच दार. मी टेबल फिरवलं तेव्हा खिडकी डाव्या हाताला गेली. मास्तरांच्या तोंडात सवयीने "खिडकीकडे" आलं, आणि हाताने सवयीनेच खिसा जिथे ठेवायचा तिथे, म्हणजे दाराकडे ठेवला! आणि कॅमेऱ्यात खिडकीही नव्हती, दारही नव्हतं. बाहेरगावच्या लोकांनी आपापल्या घरातल्या खिडक्या बघून खिसे लावले. ज्यांची खिडकी योग्य हाताला होती त्यांचं बरोबर आलं, बाकीच्यांचं चुकलं. इथल्या नव्या मुलींनी मास्तरांचं वाक्य ऐकलं आणि फिरवलेल्या टेबलाशी उभं राहून ते अक्षरशः पाळलं. चाळीस वेळा मी ते वाक्य म्हणवून घेतलं होतं. मी फक्त फेक ऐकत होते, ते वाक्य काय सांगतंय ते एकदाही ऐकलं नाही.

"पण मास्तर," मी विचारलं, "सरळ डावं-उजवं का नाही सांगत?"

त्यावर मास्तर जेवढं बोलले तेवढं मी त्यांना आयुष्यात सलग बोलताना ऐकलेलं नाही. "डावं कुणाचं, ताई? घालणाऱ्याचं? त्याचं डावं टेबलावर माझ्या उजव्या हाताला येतं. कापड उलटं टाकलं की पुन्हा फिरतं. पहिल्या वर्षी सगळे त्यातच अडकायचे. एक मुलगी तर रडली होती. मग म्हटलं, खिडकी. खिडकी काही जागची हलत नाही."

"मास्तर, फोन ठेवला का?" लॉन्ड्रीवालीचा आवाज आला.

"नाही. बाई, आत्ता तुमच्या हातात काय आहे?"

"एका हातात फोन, एका हातात कात्री."

"कात्री कुठल्या हातात?"

"उजव्या. लिहिते त्याच."

"कापडाची सुलट बाजू वर करा. गळा तुमच्यापासून लांब."

"केलं."

"आता खिसा कात्रीच्या हाताला. काजपट्टीही तिकडेच."

"आणि बटणपट्टी? फोनच्या हाताला?"

"फोन ठेवा खाली. टाचणीची गादी आहे ना, मनगटावर बांधायची? ती कुठे बांधता?"

"डाव्या मनगटावर."

"मग बटणपट्टी टाचणीच्या हाताला."

फोनवर कापड सरकल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाली, "अगं बाई! म्हणजे खोली कशीही असली, कुठेही तोंड करून उभं राहिलं, तरी चालेल?"

"चालेल," मास्तर म्हणाले.

दारातून वहिनी म्हणाल्या, "हा शब्द माझ्या ओळखीचा आहे," आणि सगळा क्लास हसला. या वेळी मास्तरसुद्धा.

मॅडमना लगेच फोन गेला. त्या धावतच आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पण मी डावखुरी आहे! माझ्यासारखीने काय करायचं?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "डावखुऱ्यांनी कात्री कुठेही धरा. पण आधी टाचणीची गादी डाव्या मनगटावर. मग मोकळा राहील तो कात्रीचा हात."

"मोकळ्या हातात कात्री नाही, आणि तरी तो कात्रीचा हात?"

"हं," मास्तर म्हणाले. लहान हुंकार.

टेबल पुन्हा भिंतीला लागलं. तेही त्याच चार मुलींनी आणि मी मिळून लावलं. कॅमेरा मास्तरांच्या खांद्यामागे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, कपडे टांगायच्या उभ्या दांड्याला बांधला. मी एकदाच म्हटलं, "चेहरा अजिबात दिसणार नाही हो." त्यावर ते म्हणाले, "माझं तोंड बघून कुणाला शर्ट येणार आहे? माझी माणसं नेहमी मागेच उभी असायची." मी दांड्याची गाठ घट्ट केली. आवाज पोटातून काढा, हेही मी सांगितलं नाही. ते जसे बोलतात तसेच बोलले, हुंकारांसकट. मॅडमनी त्या हुंकारांचा अर्थ पहिल्या धड्याखाली लिहून ठेवला.

मला मात्र मास्तरांनी दुसरं काम दिलं. मी आयुष्यात एक बाहीसुद्धा कापलेली नाही. म्हणून प्रत्येक धडा झाला की मी जिन्याच्या वळणावर, खिडकी-दार काही नाही अशा जागी, पाटावर वर्तमानपत्र पसरून बसायचे, मोबाईलवर धडा बघायचे आणि सांगितल्याप्रमाणे कागदाचा शर्ट कापायचे. माझा शर्ट बरोबर आला तर धडा बरोबर. चुकला तर मास्तर धडा पुन्हा करायचे. मी तीन वेळा चुकले. पाचव्या धड्यात बाहीची गोलाई मी इतकी कापली, की नळकामवाले सर म्हणाले, "आजी, हा शर्ट खांबाला घालायचाय का?" मास्तरांनी तो कागद हातात घेतला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "चूक ताईंची नाही. 'दोन बोटं' म्हटलं मी. कुणाची बोटं ते सांगितलं नाही." त्या दिवसापासून धड्यांत बोटं गेली आणि सेंटिमीटर आले.

अकरा जणांनी शर्ट पुन्हा शिवले. त्यांनी पुन्हा कापड आणावं कसं, म्हणून मास्तरांनी चाचणीसाठी जुन्या चादरी चालतील असं मंडळाकडून लिहून घेतलं. कुणी फुलाफुलांच्या चादरीचा शर्ट शिवला, कुणी रेघारेघांच्या पडद्याचा. बावीस फोटो आले. खिसे बावीसही जागेवर. एकाचं मधलं काज सटकलं होतं, पण ते मास्तरांच्या खात्यात नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मंडळाच्या तपासनीस बाई आल्या. बाहेरगावचे तेराही जण प्रत्यक्ष आले, काही दोन-दोन बस बदलून. खोली इतकी भरली, की वहिनींनी आपल्या घरच्या खुर्च्या आणि माझा पाट जिन्यात टाकला. लॉन्ड्रीवाली बाई पस्तिशीची असेल, हात गरम वाफेने लालसर झालेले, डोळे हसरे. तिने नवऱ्याचा शर्ट आणला होता, त्याच चांगल्या कापडाचा. तपासनीस बाईंनी तो उलटा केला, शिवणी बोटाने चाचपल्या, खिशात हात घालून कोपरे बघितले.

"स्वच्छ काम आहे. मास्तरांनीच शिकवलं ना?"

"हो, त्यांनीच."

"किती दिवस आलात क्लासला?"

"आजच आले," ती म्हणाली. "मास्तरांना पण आत्ताच पहिल्यांदा बघतेय. मला वाटलं होतं उंच असतील."

सगळी खोली हसली. तपासनीस बाईंनी हसत हसत कागद पुढे ओढला. शिवणकाम, शर्ट, मान्यता तीन वर्षं. शिक्का मारताना टेबल हललं तेवढं मला जाणवलं, बाकी डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला काही दिसलं नाही. मॅडमनी माझा हात धरला होता. नळकामवाले सर भिंतीला टेकून नाक पुसत होते आणि "धूळ आहे इथे" असं उगाचच म्हणत होते.

त्या दिवशी दुपारी मोबाईलवाला जिना चढून आला, सत्र संपलं म्हणून. दारात एवढ्या चपला बघून तो खालच्याच पायरीवर थांबला.

"वहिनी, मग काय ठरलं?"

"भाऊ, पुढच्या सत्राला आमचे छत्तीस जण आहेत," वहिनी म्हणाल्या. हा आकडा त्यांनी मॅडमच्या लॅपटॉपवर स्वतः वाचला होता आणि मला दोनदा सांगितला होता. "तुम्ही दुसरी जागा बघा. आणि आता वर आलाच आहात, तर चहा घेऊन जा."

तो चहा घेऊन गेला. मंडळी पांगली. लॉन्ड्रीवाली शेवटपर्यंत रेंगाळली, मशीनवर हात फिरवला, टेबलापाशी उभी राहून पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावत तिने विचारलं, "मास्तर, पँट कधी सुरू करायची?"

"सोमवारी," मास्तर म्हणाले आणि कापड झटकून टेबलावर पसरलं.